रायपूरला राजधानी करणारे लष्करी अधिकारी : मेजर ॲग्न्यू

पॅट्रिक व्हॅन्स ॲग्न्यू हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी. १८१८ ते १८२५ या काळात छत्तीसगड प्रांताचे अधीक्षक म्हणून त्यांनी कारभार पाहिला. नागपूरकर भोसल्यांच्या या पूर्वेकडील सुभ्याचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविण्याचा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत झाला. आज छत्तीसगड राज्याची राजधानी असलेल्या या शहराच्या इतिहासात म्हणूनच त्यांचे नाव टाळता येत नाही.

छत्तीसगडात मराठी सत्तेचा प्रवेश १७४१ मध्ये झाला. भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी त्या वर्षी कलचुरी राजांच्या रतनपूरवर चाल केली. पुढे १७५८ पासून रघूजी भोसले यांचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपूर येथे राहून प्रत्यक्ष राज्य केले. दसऱ्याला सोने वाटण्याची प्रथा या भागात त्यांच्यामुळे रूढ झाल्याचे मानले जाते. १७८७ मध्ये बिंबाजींचे निधन झाले आणि प्रांत सुभेदारांच्या हाती गेला. सुभेदारी इजाऱ्याने दिली जाई. ज्याने रक्कम भरली, तो ती रयतेकडून वसूल करी. नागपूर दूर होते, त्यामुळे तक्रार ऐकणारेही कोणी जवळ नव्हते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसले यांचा पराभव झाला. इंग्रजांनी १८१८ मध्ये अल्पवयीन रघूजी तिसरे यांना गादीवर बसविले आणि त्यांच्या नावाने कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्याकडे आला. छत्तीसगडसाठी नेमलेले पहिले अधीक्षक कॅप्टन एडमंड्स यांचा अल्पावधीतच मृत्यू झाला आणि ॲग्न्यू यांची नेमणूक झाली.

रतनपूर ही शतकानुशतकांची राजधानी होती, पण ती प्रांताच्या उत्तरेकडे होती. रायपूर हे सपाट, धान्याने समृद्ध मैदानाच्या मध्याजवळ आणि नागपूरला अधिक जवळचे. ॲग्न्यू यांनी ठाणे हलविले ते या व्यावहारिक विचाराने. कलचुरींच्या धाकट्या शाखेची राजधानी म्हणून रायपूरला आधीही महत्त्व होते, ही बाब मात्र अनेकदा विसरली जाते.

मराठी अमलातील २७ परगण्यांची फेररचना करून त्यांनी ८ परगणे केले : रायपूर, रतनपूर, धमतरी, दुर्ग, धमधा, नवागढ, राजहरा आणि खरौद. नंतर बालोद हा नववा परगणा झाला. प्रत्येक परगण्यावर कमाविसदार होता. पद मराठी, बरेचसे कारकून मराठी आणि गावचा प्रमुख पूर्वीचाच गौंटिया. म्हणजे सत्ता बदलली तरी दफ्तराची घडी मोठ्या प्रमाणात भोसल्यांचीच राहिली. जेन्किन्स यांचे धोरणही स्थानिक रिवाज शक्यतो न मोडण्याचे होते.

जमीनदारांशी मात्र ॲग्न्यू यांचे वर्तन लष्करी अधिकाऱ्याला साजेसे होते. सोनाखानचे जमीनदार रामराय यांनी १८१९ मध्ये बंड केले. ॲग्न्यू यांनी कॅप्टन मॅगसन यांच्या नेतृत्वाखाली सैन्य पाठवून ते मोडले. या रामरायांचे पुत्र नारायणसिंह. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी सावकाराच्या कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपूर येथे फाशी दिली. जमीनदाराच्या घराण्याचा हा अंत ज्या शहरात झाला, ते शहर सत्तेचे केंद्र झाले होते ते ॲग्न्यू यांच्यामुळे. नवा रायपूर येथील आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानाला आज वीर नारायणसिंह यांचे नाव आहे.

ॲग्न्यू यांचा सर्वांत टिकाऊ वारसा कागदावरचा आहे. १८२० मध्ये त्यांनी छत्तीसगड सुभ्याविषयी सविस्तर अहवाल लिहिला. तो पुढे छापला गेला. जमीनमहसूल, जमीनदाऱ्या आणि लोकजीवन यांची माहिती त्यात आहे. सुभेदारांच्या कारभारावर त्यात टीका आढळते. ती सर्वस्वी निराधार नाही, पण नुकतीच सत्ता हाती घेतलेल्या पक्षाच्या अधिकाऱ्याने ती लिहिली आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

१८२५ नंतर सँडीस अधीक्षक झाले. १८३० मध्ये प्रांत भोसल्यांना परत मिळाला, तेव्हा नागपूरहून आलेल्या सुभेदारांनीही ठाणे रायपूरलाच ठेवले. रतनपूरला परतणे कोणालाच सोयीचे वाटले नाही. डिसेंबर १८५३ मध्ये रघूजी तिसरे निपुत्रिक वारले. डलहौसी यांनी राज्य खालसा केले आणि इंग्रज अंमलातही रायपूर हेच मुख्यालय राहिले. १८६२ मध्ये ते छत्तीसगड विभागाचे मुख्यालय झाले, १८६७ मध्ये नगरपालिका आली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी नव्या राज्याची राजधानी म्हणून त्याचीच निवड झाली. बिलासपूरच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेले रतनपूर आता मुख्यतः महामाया मंदिरासाठी ओळखले जाते.

ॲग्न्यू पुढे कंपनीचे संचालक झाले. त्यांचे पुत्र पॅट्रिक अलेक्झांडर यांचा जन्म १८२२ मध्ये नागपूरला झाला होता. वडिलांप्रमाणे तेही कंपनीच्या सेवेत आले आणि नव्या दिवाणाला कारभार सोपविण्यासाठी एप्रिल १८४८ मध्ये मुलतानला गेले असता तेथे मारले गेले. त्या घटनेतून दुसरे इंग्रज-शीख युद्ध पेटले आणि १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला.