बंगालची ताग गिरणी आणि आजचा किशोरवर्ग

१९५६ साली पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि काम यांची सांगड घालणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करणारे आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर, तसेच पूर्णिमा रॉय आणि कामाख्याप्रसाद मित्र हे त्याचे लेखक होते. बैठ्या जीवनशैलीच्या विज्ञानातील एक मूलभूत निरीक्षण भारतीय भूमीवर, भारतीय संशोधकांच्या सहभागाने झाले, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

त्या काळी हा विषय नुकताच आकार घेत होता. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांपेक्षा, सतत जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी आढळले. बसून राहण्याचे मोल शरीराला चुकवावे लागते, याचा हा पहिला ठळक पुरावा मानला जातो.

ताग गिरणीचा उपयोग याच्याही पुढचा होता. एकाच आवारात दिवसभर दुकानात बसणारे विक्रेते होते, कारकून होते, पर्यवेक्षक होते, विणकर होते, तसेच राख आणि कोळसा वाहणारे मजूरही होते. जितके काम जड, तितका आहार अधिक, हे अपेक्षितच होते. मध्यम आणि जड कामाच्या गटांत तसेच दिसले. हे लोक खात भरपूर, पण त्यांचे वजन वाढलेले नव्हते. आश्चर्य दुसऱ्या टोकाला होते. जे जवळजवळ हालचालच करीत नव्हते, त्यांचा आहार हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हे, तर जास्त निघाला आणि वजनेही सर्वांत अधिक भरली.

मेयर यांनी यातून काढलेला अर्थ महत्त्वाचा होता. भूक हे शरीराचे तराजू आहे. परंतु हालचाल एका मर्यादेखाली गेली की ते तराजू बिघडते. उंदरांवरील प्रयोगांतही त्यांना असाच कल दिसला होता. अर्थात, गिरणीतील विक्रेता आणि कोळसा वाहणारा मजूर यांच्यात केवळ हालचालीचा फरक नसतो; उत्पन्न, राहणीमान, घरचे अन्न हे सारेच वेगळे असते. त्यामुळे हा अभ्यास कार्यकारणसंबंध सिद्ध करीत नाही. तरीही त्याने उपस्थित केलेला प्रश्न टिकून राहिला.

त्याच १९५६ साली मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील माध्यमिक शाळांमधील मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्थूल मुली इतर मुलींपेक्षा अधिक खातात, हा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात त्या काहीशा कमीच खात होत्या. मात्र त्यांची हालचाल फारच थोडी होती. १९६४ च्या आणखी एका अभ्यासात उन्हाळी शिबिरांतील मुलींचे खेळतानाचे चलच्चित्रण करण्यात आले. मैदानावर उपस्थित असूनही स्थूल मुलींचा बराचसा वेळ उभे राहण्यात जात असल्याचे त्यात दिसले. खेळाच्या तासाला हजेरी लागणे आणि शरीर हलणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तेव्हाच नोंदले गेले.

भारताने मात्र हा धागा पुढे नेला नाही आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. अन्नटंचाईशी झुंजणाऱ्या देशात अतिवजनाचा प्रश्न चैनीचा वाटणे स्वाभाविक होते. शारीरिक शिक्षणाकडे राष्ट्र पाहत होते ते शिस्तीच्या आणि राष्ट्रबांधणीच्या दृष्टीने. आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये दिल्लीतील निर्वासितांच्या मुलांपासून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय निघाले. १९५९ मध्ये हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९६५ मध्ये विविध योजना एकत्र करून राष्ट्रीय तंदुरुस्ती दल उभे राहिले. या साऱ्यात कवायत होती, संचलन होते. परंतु विद्यार्थी उरलेला दिवस किती बसतो, हा प्रश्न नव्हता. मुले शाळेला चालत जात, घरी पाणी भरत, शेतात राबत. तो प्रश्न पडण्याचे कारणही नव्हते.

दरम्यान शाळा बदलत गेली. १९८९ मध्ये कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या पहिल्या भाषणात दप्तराच्या ओझ्याने वाकलेल्या मुलांची व्यथा मांडली. त्यानंतर काही वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. समितीचा भर आकलनाविना होणाऱ्या पाठांतराच्या ओझ्यावर होता. परंतु त्या ओझ्याला शरीराची बाजूही होती: शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर गृहपाठ, आणि या तिन्ही ठिकाणी खुर्ची.

याच सुमारास पुण्याजवळच्या गावांतून वेगळाच इशारा येत होता. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की भारतीय नवजात बालके वजनाने कमी असली, तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा शरीरभार निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिक यांचा व्यायाम, त्यांच्याच विनोदी कबुलीनुसार, रुग्णालयाच्या उद्वाहनाचे दार बंद होण्यापूर्वी गाठण्यापुरता होता. जन्माची पार्श्वभूमी आणि जीवनशैली या दोहोंचा त्यात वाटा असू शकतो. काटकुळा देह निरोगी असतोच असे नाही, हा त्याचा मथितार्थ.

२०१६ ते २०१८ या काळातील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने हेच चित्र देशपातळीवर दाखवले. १० ते १९ वयोगटात सुमारे २४ टक्के मुले कृश होती, तर अतिवजनाची सुमारे ५ टक्केच. तरीही रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे केवळ वजनकाट्यावर विसंबून राहिल्यास धोक्यातील पुष्कळ मुले नजरेआड राहतात.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील ११ ते १७ वयोगटातील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. दररोज किमान ६० मिनिटे पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण जगात ८१ टक्के होते. भारतात ते ७४ टक्क्यांच्या आसपास. भारत तुलनेने बरा दिसतो, परंतु या यशाचे श्रेय कोणाचे? मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारख्या खेळांची ओढ आणि मुलींच्या बाबतीत घरकाम, असे संभाव्य स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. धुणे, केर आणि पाणी यांतून जमा झालेली मिनिटे आकडेवारीत खेळाच्या बरोबरीने मोजली जातात. उद्या घरोघरी नळ आणि यंत्रे आली, तर ती मिनिटे नाहीशी होतील. कष्ट कमी होणे हे हिताचेच. पण त्यांच्या जागी खेळ येईल याची तजवीज कोठे आहे?

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत बैठेपणाचा प्रथमच स्वतंत्र विचार केला. रोज सरासरी तासभर मध्यम ते जोरकस हालचाल हवीच. शिवाय बसून राहण्याचा, विशेषतः मनोरंजनासाठी पडद्यासमोर जाणारा, वेळही मर्यादित हवा. सकाळी तासभर धावून उरलेला दिवस बसून काढणारा विद्यार्थी पहिली अट पूर्ण करतो, दुसरी नव्हे.

भारतीय व्यवस्थेत तरतुदी नाहीत असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले. परंतु तो कायदा ६ ते १४ या वयापुरता आहे. म्हणजे पौगंडावस्था ऐन भरात येते तेव्हाच त्याचे छत्र संपते. पुढे नववीपासून परीक्षेचे राज्य सुरू होते. २०१८ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी ते बारावीसाठी रोज एक खेळाचा तास अनिवार्य केला. तो तास वेळापत्रकात राहतो की मैदानावर उतरतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

ताग गिरणीतील विक्रेत्याने बसून राहणे निवडले नव्हते. ती त्याच्या कामाची रीत होती. आजच्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याचीही स्थिती वेगळी नाही. त्याच्या दिवसाची आखणी शाळा, शिकवणी आणि परीक्षा करतात. म्हणून त्याला आळशी ठरवणे हे निदान नव्हे. हालचाल हा व्यक्तीच्या निर्धाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तिच्या दिनक्रमाच्या रचनेचा प्रश्न असतो. सात दशकांपूर्वीच्या त्या अभ्यासाने माणसांची विभागणी स्वभावानुसार नव्हे, तर कामानुसार केली होती. किशोरांच्या आरोग्याचा विचारही तेथूनच सुरू व्हायला हवा.