कोंबड्यांच्या खुराड्यातली देवता

दार ढकलून आत या, पण कुठे हात टेकू नका. सिल्व्हर नायट्रेटचे डाग साबणानं जात नाहीत. बाईंची बोटं बघा, काळी पडलीत. साल १८६८. आइल ऑफ वाइट बेटावरचं फ्रेशवॉटर. हे काचेचं घर पूर्वी कोंबड्यांचं खुराडं होतं, आणि शेजारच्या कोळशाच्या खोलीची आता अंधारखोली झाली आहे. ईथरच्या वासानं तुमचं डोकं जड झालंय. होईल सवय.

बाई म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म कलकत्त्याचा, पन्नाशी उलटलेली, कॅमेरा हाती येऊन पुरती पाच वर्षंही झालेली नाहीत. समोर उभी आहे ती उंचनिंच मारी स्पार्ताली. कधी ती प्राचीन विदुषी हायपेशिया होते, आज स्मृतीची देवता निमॉसिनी.

बाई काचेवर कलोडियनचं चिकट द्रावण ओततात. काच तिरकी करत पातळ थर चारी कोपऱ्यांपर्यंत नेतात, उरलेलं बाटलीत परत. मग चांदीच्या द्रावणात बुडी. आता घाई! काच ओली आहे तोवरच फोटो निघणार. झाकण निघालं. तुम्हीही हलू नका. पायाखालची फळी हलली तर बाई आपल्याला इथून हाकलतील. मारी पापणीसुद्धा आवरून धरते.

इंग्रजांना तिच्यात अख्खा प्राचीन ग्रीस दिसतो. पोरगी मात्र इंग्लंडातच जन्मली. वडील मायकेल स्पार्ताली ग्रीक व्यापारी, शिवाय ग्रीसचे लंडनमधले कॉन्सल जनरल. लंडनच्या ग्रीकांचा हा सगळा गोतावळाच पेढीवाल्यांचा. त्यांतल्या खिऑस बेटाच्या रॅली बंधूंची पेढी मुंबईत कापूस खरेदी करते. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर ‘रॅलीज’ वाचलंय ना? ते नाव यांचंच. अशाच पेढ्यांच्या पैशावर आयोनिडीस घराणं चित्रकारांना घरी जेवायला बोलावतं, चित्रं विकत घेतं. मारीची बहीण क्रिस्टिना चित्रकार व्हिसलरसमोर किमोनो घालून उभी राहिली होती. ते चित्र मात्र वडिलांनी घेतलं नाही. व्यापारी माणूस, नाही आवडलं तर नाही घेतलं!

मला खटकतं ते वेगळंच. मारी स्वतः चित्रकार आहे. चित्रकार फोर्ड मॅडॉक्स ब्राउनकडे १८६४ पासून शिकतेय, गेल्या वर्षी लंडनच्या डडली गॅलरीत तिची चित्रं लागली. तरी जो तो तिला उभंच करतो: कधी देवी, कधी राणी. उफराटा न्याय. हातात ब्रश घेतलेली मारी कुणाला हवीच नाही.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. विल्यम स्टिलमन नावाचा अमेरिकन पुढच्या वर्षी अथेन्सच्या अक्रोपोलिसचे अप्रतिम फोटो काढणार आहे, आणि १८७१ मध्ये वडिलांचा विरोध पत्करून मारी त्याच्याशी लग्न करणार आहे. मग फ्लोरेन्स, रोम, आणि चित्रं, थेट म्हातारपणापर्यंत. बोलू मात्र नका.

झाकण बसलं. बाई काच घेऊन अंधारखोलीकडे धावल्या. बघत काय उभे राहिलात? बादली उचला, धुवायला विहिरीचं पाणी लागणार आहे!