ऊर्जा पेय

ऊर्जा पेय किंवा एनर्जी ड्रिंक हे कॅफिन हा प्रमुख उत्तेजक घटक असलेले, गोड आणि बहुधा वायुमिश्रित असे बाटलीबंद किंवा डबाबंद पेय होय. कॅफिनखेरीज त्यात साखर अथवा कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ, टॉरिन, ब-गटातील जीवनसत्त्वे, आम्ले, रंग व स्वादद्रव्ये असतात. थकवा दूर करणारे आणि एकाग्रता वाढवणारे पेय म्हणून त्याची जाहिरात केली जाते. लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि कॅफिन सहन न होणाऱ्या व्यक्तींनी ते घेऊ नये, अशी सूचना भारतात अशा पेयांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. मात्र फळांसारखे स्वाद, आकर्षक रंग आणि कमी किंमत यांमुळे शाळकरी मुलांमध्येही ही पेये प्रिय झाली आहेत. त्यामुळे शाळांच्या परिसरातील त्यांची विक्री हा महाराष्ट्रात सार्वजनिक चर्चेचा विषय बनला आहे.

संज्ञा

आहारशास्त्रात ऊर्जा म्हणजे अन्नातून मिळणारे उष्मांक. ऊर्जा पेयाच्या नावातील 'ऊर्जा' मात्र मुख्यतः कॅफिनमुळे येणाऱ्या तरतरीला उद्देशून आहे. साखरविरहित ऊर्जा पेयात उष्मांक जवळजवळ नसतात, तरीही ते याच नावाने विकले जाते.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांत या पेयांना 'कॅफिनयुक्त पेय' म्हटले आहे. दूध, धान्य किंवा माल्ट यांपासून बनवलेली पेये 'आरोग्य पेय' अथवा 'ऊर्जा पेय' या सदरात दाखवू नयेत, असे निर्देश प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दिले. क्रीडापेये आणि जलसंजीवनी ही ऊर्जा पेयांहून भिन्न आहेत. घाम किंवा अतिसार यांमुळे शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हा त्यांचा उद्देश असतो.

इतिहास

ब्रिटनमध्ये १९२७ साली आजारी माणसांसाठी तयार झालेले ग्लुकोजयुक्त पेय पुढे 'ल्युकोझेड' या नावाने प्रसिद्ध झाले. जपानमधील ताइशो या औषधनिर्माण कंपनीने १९६२ साली 'लिपोव्हिटन डी' हे टॉरिनयुक्त पेय बाजारात आणले. थायलंडमध्ये १९७० च्या दशकात चालेओ युविध्या यांनी 'क्रातिंग दाएंग' हे पेय तयार केले. ते मजूर व मालमोटार चालकांमध्ये लोकप्रिय झाले. ऑस्ट्रियन उद्योजक डिट्रिच मॅटेशिट्झ यांनी त्याच्या मूळ कृतीत बदल करून १९८७ साली 'रेड बुल' ऑस्ट्रियात विक्रीस आणले. अमेरिकेत २००२ साली 'मॉन्स्टर' हे पेय आले.

भारतात सुरुवातीला ही पेये महागड्या डब्यांतून येत असल्याने त्यांचा ग्राहक प्रामुख्याने शहरी होता. पुढे पेप्सिको कंपनीचे 'स्टिंग' सुमारे २० रुपयांच्या छोट्या प्लास्टिक बाटलीत उपलब्ध झाले. त्यामुळे ऊर्जा पेये किराणा दुकाने, बसस्थानके आणि पानटपऱ्यांपर्यंत पोहोचली व ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या खाऊच्या पैशांच्या आवाक्यात आली.

घटक

कॅफिन : मेंदूत साचत जाणारे अ‍ॅडेनोसिन हे रसायन झोपेची जाणीव निर्माण करते. कॅफिन त्याच्या ग्राहीस्थानांना अडवते. त्यामुळे थकवा कमी होत नाही, तर थकव्याची जाणीव काही काळ दबते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील कॅफिनचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात.

साखर : अनेक नेहमीच्या प्रकारांत दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ११ ग्रॅम साखर असते. या हिशेबाने २५० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे सहा ते सात चहाचे चमचे साखर असते.

टॉरिन : हे अमिनो आम्ल १८२७ साली प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे करण्यात आले, म्हणून त्याला बैल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव मिळाले. पेयांमधील टॉरिन कृत्रिमरीत्या तयार केलेले असते. मानवी शरीरही ते स्वतः तयार करते.

जीवनसत्त्वे : नायसिन, पँटोथेनिक आम्ल, बी-६ आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे सामान्यतः घातली जातात. संतुलित आहार घेणाऱ्या व्यक्तीला ती अन्नातून मिळतात.

स्वाद आणि रंग

कॅफिन मुळात कडू असते. हा कडवटपणा झाकणे हे स्वादनिर्मितीचे पहिले काम असते. साखरेची गोडी, सायट्रिक आम्लाचा आंबटपणा आणि कार्बन डायऑक्साइडची चुरचुर यांच्या मेळातून ते साधले जाते. रेड बुलच्या मूळ प्रकाराची आंबटगोड चव अनेकांना फळांच्या स्वादाच्या गोळ्यांसारखी वाटते. पुढे बेरी, आंबा, कलिंगड, लिंबूवर्गीय आणि उष्ण कटिबंधीय फळांचे स्वाद बाजारात आले. साखरविरहित प्रकारांत सुक्रॅलोज किंवा अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम वापरतात.

फळाचा स्वाद असणे म्हणजे फळाचा रस असणे नव्हे. हे स्वाद बहुधा एस्टर वर्गातील व इतर सुवासिक संयुगांपासून मिळवलेले असतात. पेयात फळांचा रस नसल्यास तसे वेष्टनावर लिहिलेले असते. लाल, पिवळे व निळे रंगही अनेकदा कृत्रिम खाद्यरंग असतात. कडू चहा किंवा कॉफी मूल सहसा आपणहून टाळते. गोड व रंगीत पेयाच्या बाबतीत चवीचा हा नैसर्गिक अडसर उरत नाही. म्हणूनच ऊर्जा पेयांचा स्वाद हा केवळ आवडीनिवडीचा विषय न राहता आरोग्याच्या प्रश्नाशी जोडला जातो.

आरोग्यावरील परिणाम

कॅफिनची मर्यादा

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ मधील अहवालानुसार निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सामान्यतः सुरक्षित मानले जाते. मुलांसाठी दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ही पातळी धरली जाते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. त्यांतील नोंदीनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम आणि तेवढ्याच उकळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते.

भारतातील कमाल मर्यादेचे ऊर्जा पेय घेतल्यास २५० मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम कॅफिन येते. प्रौढाच्या दृष्टीने हे प्रमाण एका कप कॉफीइतकेच आहे. परंतु ३० किलो वजनाच्या मुलासाठी दिवसाची पातळी ९० मिलिग्रॅम ठरते. म्हणजे दुसरी बाटली अर्धीही संपण्यापूर्वी ती ओलांडली जाते. शिवाय कॉफी गरम असल्याने घोटाघोटाने प्यायली जाते, तर थंड पेय काही मिनिटांत संपते.

हृदय व रक्ताभिसरण

अतिसेवनाने छातीत धडधड, रक्तदाबात वाढ आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता उद्भवू शकते. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३४ निरोगी प्रौढांना जवळपास एक लिटर ऊर्जा पेय देण्यात आले. त्यांच्या हृदयाच्या विद्युत आलेखातील क्यूटी हा कालावधी काही तास वाढलेला आढळला. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ही पेये टाळणे श्रेयस्कर मानले जाते.

झोप आणि मन

झोप न लागणे, अस्वस्थता, हात थरथरणे व चिडचिड ही अतिसेवनाची सामान्य लक्षणे आहेत. परीक्षेच्या काळात जागरणासाठी ही पेये घेतल्यास झोप तुटते, दुसऱ्या दिवशी थकवा वाढतो आणि पुन्हा पेयाची गरज भासते. नियमित सेवन अचानक थांबवल्यास डोकेदुखी व सुस्ती येऊ शकते.

साखर आणि दात

रोजच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांहून कमी वाटा मुक्त साखरेचा असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. प्रौढासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. एका डब्यातच ही मात्रा पूर्ण होते. नियमित सेवनाने लठ्ठपणा व टाइप-२ मधुमेहाचा धोका वाढतो. पेयांतील आम्लामुळे दातांवरील आवरण झिजते. हा धोका साखरविरहित प्रकारांतही कायम राहतो.

मद्यासोबत सेवन

कॅफिनमुळे नशेची जाणीव कमी होते, मात्र रक्तातील मद्याचे प्रमाण कमी होत नाही. त्यामुळे अधिक मद्यपान व अपघात यांचा धोका वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफिनमिश्रित मद्य बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता.

नियमन

भारत

२०१५ साली भारतीय प्राधिकरणाने जिनसेंग व कॅफिन यांचे एकत्रीकरण अयोग्य ठरवून मॉन्स्टरसह काही पेये बाजारातून परत घेण्यास सांगितले. २०१६ मधील मानकांनुसार कॅफिनयुक्त पेयात दर लिटरला किमान १४५ व कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावे लागते. दिवसाला ५०० मिलिलिटरहून अधिक सेवन करू नये, असा इशाराही वेष्टनावर द्यावा लागतो. मुलांसाठी हे पेय योग्य नाही, असे वेष्टनावर छापणे सक्तीचे असले तरी त्यांना ते विकण्यास देशभर लागू असलेली वयोमर्यादा नाही. सप्टेंबर २०२५ पासून या पेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे.

महाराष्ट्र

राज्य शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत मेद, मीठ व साखर अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. १२ जुलै २०२४ रोजी विधान परिषदेत सत्यजित तांबे यांच्या प्रश्नाला उत्तर देताना तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी नवी घोषणा केली. शाळांच्या ५०० मीटर परिसरात अधिक कॅफिन असलेल्या ऊर्जा पेयांच्या विक्रीस बंदी घालण्याचा आदेश काढला जाईल, असे त्यांनी सांगितले.

केंद्रीय प्राधिकरणाच्या २०२० च्या शालेय आहारविषयक नियमांत अशा पदार्थांसाठी शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरचे अंतर ठरवलेले आहे. ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पाऊण हेक्टरच्या आसपास, तर ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ७८ हेक्टर क्षेत्र येते. धाराशिव जिल्ह्यातील परंड्यासारख्या तालुक्याच्या लहान गावांत शाळा वस्तीतच असतात. तेथे दुसऱ्या मर्यादेत बाजारपेठेचा मोठा भाग येऊ शकतो. त्यामुळे अशा बंदीची परिणामकारकता तपासणीबरोबरच दुकानदारांच्या सहकार्यावर अवलंबून राहते.

इतर देश

लिथुएनियाने २०१४, लॅटव्हियाने २०१६ आणि पोलंडने २०२४ पासून १८ वर्षांखालील व्यक्तींना ऊर्जा पेये विकण्यास बंदी घातली. मुले व किशोरांच्या आहारात ऊर्जा पेयांना स्थान नसावे, अशी भूमिका अमेरिकी बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०११ मध्ये मांडली.

पर्याय

उन्हात काम करताना किंवा खेळताना शरीराला प्रथम पाणी आणि क्षार यांची गरज असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे व लिंबू सरबत ही पेये परंपरेने घेतली जातात. कोकणात कोकम सरबत प्रचलित आहे. पन्हे व सरबतातही साखर बेतानेच असावी. अतिसार झाल्यास ऊर्जा पेय हा जलसंजीवनीचा पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीनुसार एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते.

हे सुद्धा पहा

कॅफिन
शीतपेय
जलसंजीवनी
मधुमेह
अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६