टेंभी नाक्यावरची मशीद आणि परतीचा प्रश्न

ठाण्यात टेंभी नाका म्हटलं की बहुतेकांना नवरात्रातली देवी आठवते. मला मात्र आधी आठवते ती सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूची जुनी इमारत, यहुदी लोकांचं प्रार्थनास्थळ. तिचं नाव शार हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. १८७९ साली ती बांधली गेली. ठाण्याचे यहुदी म्हणजे बेने इस्रायल. त्यांची मातृभाषा मराठी. आपल्या सिनेगॉगला ते मराठीत 'मशीद' म्हणत आले. मुंबईत मस्जिद बंदर स्टेशन आहे, त्यातली 'मस्जिद'सुद्धा आपली नव्हे, यांची, असं मानलं जातं. तिथं जवळच १७९६ साली बांधलेलं त्यांचं पहिलं सिनेगॉग आहे.

आज या इमारतीबद्दल लिहायला एक घरगुती कारण घडलं. माझा धाकटा भाऊ सोळा वर्षांपासून कुवेतला आहे. गेल्या रमजानमध्ये त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग म्हणाला, "भाई, आता परत यावं म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?" मी मास्तर माणूस. वर्गात कुणी काही विचारलं की लगेच उत्तर देण्याची सवय. पण या प्रश्नाला उत्तर सुचेना. "बघू, विचार करून सांगतो," म्हणालो.

विचार करताना लक्षात आलं की टेंभी नाक्याच्या या शेजाऱ्यांच्या समाजाला हाच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी पडला होता. एकट्यादुकट्याला नव्हे, शंभरावर माणसांना, आणि तोही थेट रस्त्यावर बसून विचारावा लागला होता.

आधी या समाजाची थोडी ओळख. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. पुढे ते रायगड जिल्ह्यातल्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी काम बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा आठवतो? तो नट डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, चौलचा. नवस फेडताना ते मलिदा करतात. आपल्याकडे फातिहाला मलिदा असतोच. त्यांच्यात गावच्या प्रमुख धर्माधिकाऱ्याला 'काजी' म्हणत. कोकणात शतकानुशतकं एकाच पाण्यावर वाढलेल्या दोन समाजांत एवढं साम्य असणारच.

मुंबईचं ते १७९६ चं सिनेगॉगही परतीच्या नवसातूनच उभं राहिलं. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले अंमलदार. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. समाजात अशी गोष्ट सांगतात की, 'तुम्ही कोण?' असं विचारल्यावर त्यांनी 'बनी इस्रायल' असं सांगितलं. टिपूच्या आईला हे नाव कुरआनातून माहीत होतं. तिच्या शब्दामुळे त्यांचा जीव वाचला. 'सुखरूप घरी पोचलो तर अल्लाचं घर बांधीन,' असं दिवेकर बोलले होते. ते परतले आणि त्यांनी ते बांधलं. घरी परतणं त्यांना एवढं मोलाचं वाटलं होतं. आणि घर म्हणजे त्यांच्यासाठी मुंबई-कोकण होतं, जेरुसलेम नव्हे.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्रायल होते. रेल्वे, पोस्ट, कस्टम्स, लष्कर, दवाखाने, शाळा अशा ठिकाणी त्यांच्या नोकऱ्या होत्या. इथं त्यांना कुणी छळलं नव्हतं, हे ते स्वतःच अभिमानानं सांगतात. मग ते का गेले? एक तर धर्माची ओढ होती. प्रार्थनेत रोज ज्या भूमीचं नाव घ्यायचं, तिथं १९४८ साली राष्ट्र उभं राहिलं. १९५० साली त्या देशानं 'परतीचा कायदा' केला आणि जगातल्या कुणाही यहुद्याला तिथं येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. दुसरं कारण पोटाचं होतं. इंग्रज गेले, ओळखीचे साहेब गेले, आता आपल्यासारख्या लहान समाजाच्या मुलांना नोकऱ्या मिळतील का, ही धास्ती होती. आखाती देशांत जाणारा आपला माणूससुद्धा थोडी आशा आणि थोडी धास्ती बांधूनच विमानात बसतो.

तिथं पोचल्यावर काय झालं? देश नवा, निर्वासित लाखोंनी, अन्नधान्यावर रेशन. नव्यानं आलेल्यांना तंबूंच्या आणि पत्र्याच्या छावण्यांत ठेवत. मुंबईत खुर्चीवर बसून कारकुनी केलेल्या माणसाच्या हातात कुदळ आली. बरेच जण दक्षिणेकडच्या वाळवंटी भागात, बीरशेबाला पाठवले गेले. युरोपातून आलेल्यांना चांगलं काम, चांगलं घर आणि आपल्याला रंग काळा म्हणून उरलंसुरलं, अशी त्यांची तक्रार होती. १९५१ च्या अखेरीस त्यांनी धरणं धरायला सुरुवात केली. १९५२ साली तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या कचेरीसमोर बायकामुलांसह ठिय्या दिला, उपोषण केलं. मागणी एकच होती: आम्हाला मुंबईला परत पाठवा.

धरणं आणि उपोषण ही हत्यारं त्यांनी कुठून नेली होती, हे सांगायला नको. तिथल्या अधिकाऱ्यांना हा प्रकार नवाच होता. हजारो वर्षांनी 'मायभूमीत परतलेली' माणसं म्हणत होती की आम्हाला आमच्या घरी जाऊ द्या! अखेर एजन्सीनं खर्च उचलला. १९५२ च्या एप्रिलमध्ये शंभरावर बेने इस्रायल विमानानं मुंबईत उतरले. भारतानं त्यांना येऊ दिलं.

इथं गोष्ट संपली असती तर मी भावाला लगेच फोन करून सांगितलं असतं, "ये." पण गोष्ट पुढे आहे. परतलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, खोल्या दुसऱ्यांनी घेतल्या होत्या. काही काळानं त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांनी इस्रायलला पुन्हा जाऊ द्या म्हणून अर्ज केले, आणि यथावकाश ते गेलेही. तिथं त्यांच्यापुढे वेगळंच संकट उभं राहिलं. बेने इस्रायल अस्सल यहुदी आहेत का, त्यांच्याशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पिढ्या तपासाव्यात का, असा वाद तिथल्या धर्मगुरूंनी काढला. या वेळी मात्र त्यांनी 'परत पाठवा' म्हटलं नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले आणि बरोबरीचा हक्क मागितला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं आणि पंतप्रधान एश्कोल यांनी ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं जाहीर केलं. धर्मगुरूंनाही आदेश बदलावा लागला. बारा वर्षांत मागणी कशी बदलली बघा. परत जाण्याचा रस्ता एकदा चालून पाहिल्यावरच त्यांना इथंच राहून भांडायचं बळ आलं असावं, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे वळतो, कारण हा इतिहास वाचताना मला राहून राहून आमची नानी आठवत होती. तिचा थोरला भाऊ कराचीला गोदीत कामाला होता. आज हे ऐकून लोक भुवया उंचावतात. पण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. रत्नागिरीच्या मुसलमानाला मुंबईच्या गोदीतून कराचीच्या गोदीत जाणं म्हणजे बदली होती, देशांतर नव्हतं. मग फाळणी झाली. कामावर गेलेला माणूस परदेशी होऊन बसला.

त्याला परत यायचं असेल तर काय? जुलै १९४८ मध्ये भारतानं पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना लागू केला. भेटीचा परवाना वेगळा, कायमचं परतण्याचा वेगळा, आणि तो दुसरा मिळणं फार अवघड. राज्यघटनेचं सातवं कलम याच प्रश्नावर आहे: १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात गेला तो नागरिक नाही, मात्र कायमच्या परतीचा परवाना घेऊन आला असेल तर त्याचा विचार होईल. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत यावर कडाक्याची चर्चा झाली. एवढी सवलतही देऊ नये, असं काही सभासदांचं म्हणणं होतं. डॉ. आंबेडकरांनी मांडलेलं आणि नेहरूंनी पाठराखण केलेलं ते कलम अखेर टिकलं. पण घटनेत फट ठेवली तरी कचेरीत ती सापडेलच असं नाही. शिवाय गेलेल्यांची घरं-जमिनी कस्टोडियनच्या ताब्यात गेल्या. जुन्या मुस्लिम घरांत 'कस्टोडियन' हा शब्द अजून दबक्या आवाजात उच्चारतात.

आणि योग असा की ज्या १९५२ साली बेने इस्रायल मुंबईच्या विमानतळावर उतरले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारत-पाकिस्तान प्रवासाला पासपोर्ट लागू झाला. दार आता पुरतं लागलं. नानीचा भाऊ त्यानंतर एकदाच आला. एका महिन्याचा व्हिसा घेऊन, पोलीस ठाण्यात हजेरी लावत. स्वतःच्या गावात पाहुणा म्हणून राहिला आणि गेला. तो परत यावा की न यावा, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नाही.

हे लिहिताना कुणाशी हिशेब मांडायचा नाही. फाळणीचा रक्तपात ताजा होता, दोन्हीकडून लाखो निर्वासित आले होते, सरकारपुढच्या अडचणी खऱ्या होत्या. बेने इस्रायलांना दार उघडलं गेलं याचा मला आनंदच आहे. आणि ज्या बीरशेबात ते 'घरी जाऊ द्या' म्हणत होते, ते शहर १९४८ च्या ऑक्टोबरपर्यंत अरबांचं बिर अस-सबा होतं, हेही विसरता येत नाही. तिथल्या जुन्या रहिवाशांनाही घरी जायचं होतं. त्यांच्या परतीच्या हक्काचा ठराव संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४८ मध्ये केला. तो आजवर कागदावरच आहे. एका गावात दोन माणसं घर घर म्हणत होती. एकाला विमानाचं तिकीट मिळालं, दुसऱ्याला तंबू.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'वतन' हा शब्द आला की दोन्ही वर्गांत मला वेगवेगळं समजावून सांगावं लागतं. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, काळजातली जागा. मराठीत वतन म्हणजे पाटलाचं, कुलकर्ण्याचं वतन. ते सनदेवर मिळतं, जप्त होतं, कायद्यानं रद्दही होतं. पूर्वी मला ही शब्दाची गंमत वाटायची. आता वाटतं, दोन्ही अर्थ बरोबर घेतल्याशिवाय परतीचा प्रश्न कळतच नाही. काळजात वतन असून भागत नाही, हातात सनदही लागते.

आजही तसंच आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार ओसीआय कार्ड देतं. डिमोनाला जन्मलेला पेणकर ते घेऊन हवं तेव्हा ठाण्याला येऊ शकतो. नानीच्या भावाच्या नातवाला ते मिळणार नाही, कारण आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक असतील तर ते नाकारलं जातं.

मग भावाला काय सांगितलं? आधी हे सांगितलं की तुझं नशीब चांगलं आहे. आखाती देशांनी तुला कधी नागरिक केलं नाही, याचं तुला सोळा वर्षं वाईट वाटतंय. पण त्यामुळेच तुझा भारताचा पासपोर्ट शाबूत आहे. तुझा निर्णय खरोखर तुझ्या हातात आहे. तो चुकू शकतो. १९५२ ला परतलेल्यांचा चुकला, निदान त्यांना तसं वाटलं, आणि ते पुन्हा गेले. त्यात लाज नाही. त्यामुळे आलास तरी तिथल्या ओळखी तोडू नकोस, आणि नाही आलास तरी मुंब्र्याचा फ्लॅट विकू नकोस.

दुसरी गोष्ट मुलांची. तो सारखा म्हणत होता, "आम्ही सगळे परत येऊ." मी म्हटलं, "तू परत येशील. मुलं पहिल्यांदाच येतील." त्यांचा जन्म तिथला, शाळा तिथली, मित्र तिथले. आपण ज्याला परतणं म्हणतो ती त्यांच्यासाठी हिजरत आहे. तेल अवीवच्या धरण्यात आईबापांच्या मांडीवर बसलेल्या पोरांना 'घरी जायचंय का' असं कुणी विचारलं असेल का, कुणास ठाऊक. तू तुझ्या मुलांना विचार. आणि आतापासून त्यांना मराठी वाचायला शिकव, म्हणजे आल्यावर बसवरची पाटी तरी त्यांना परकी वाटणार नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जूनमध्ये सुट्टी आहे. मुलांना घेऊन येतो. बघू त्यांना कसं वाटतं." आला की त्यांना टेंभी नाक्यावर न्यायचं ठरवलं आहे. तिथून चालत महागिरीच्या मशिदीत नमाजला जाऊ. वाटेत शार हाशामाईमच्या फाटकासमोर थांबून मुलांना सांगेन, ही पण आपल्या शेजाऱ्यांची मशीदच.