मुलुंडच्या मिठागरातला जीवाणू

डोंबिवली-ठाण्याहून मुंबईकडे जाताना मुलुंड लागतं. त्याच्या पूर्वेला, खाडीच्या कडेला मिठागरं. तिथल्या एका रस्त्याचं नावच मिठागर रोड. आजचा इतिहास या मिठागरांच्या मातीचा आहे.

मुलुंडला हेक्स्ट इंडिया या औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. मातीतले जीवाणू वेगळे करायचे, वाढवायचे आणि कोण कोणाला मारतो ते पाहायचं, असं तिथलं काम. अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, तेही याच रीतीनं. मुलुंडच्याच एका मिठागराच्या मातीत बॅसिलस कुळातला एक जीवाणू मिळाला. त्याला क्रमांक पडला एचआयएल वाय-८५,५४७२८. त्यानं तयार केलेल्या प्रतिजैविकाची, म्हणजे मर्सासिडिनची, माहिती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली.

मर्सासिडिन म्हणजे अवघ्या २० अमिनो आम्लांची साखळी. जीवाणू आपली भिंत ज्या विटांनी बांधतो, ती वीटच हे धरून ठेवतं. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकसही त्यापुढे टिकत नाही. आता प्रश्न बघा. हे विष बनवणाऱ्याची स्वतःची भिंतही त्याच विटांची. मग तो स्वतः कसा वाचतो? आणि विष कधी बनवायचं, हे कोण ठरवतं?

उत्तर जर्मनीत, बॉन विद्यापीठात मिळालं. २००० साली या कामाची दहा जनुकं एकाच ठिकाणी, सुमारे १२,३०० अक्षरांच्या पट्ट्यात सापडली. मग त्यातलं एकेक नियामक जनुक बंद करून पाहिलं. २००२ मधला निष्कर्ष असा: एक नियामक बंद केला की विष बनायचं थांबतं, पण बचाव शाबूत राहतो. दुसरी, दोन जनुकांची जोडी काढली की बचाव ढासळतो, कारण विष बाहेर फेकणारा पंप तिच्या हुकमानं चालतो. तलवार आणि ढाल यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या. २००६ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. वाढत्या जीवाणूंत थोडं मर्सासिडिन घातलं, तर ते लवकर विष बनवायला लागतात. म्हणजे विष हा निरोपही आहे.

आम्ही तत्त्वज्ञानवाले 'नियमन' म्हटलं की लगेच नियंता शोधतो. इथे तसा कोणी नाही. रचनाच हुकूम देते आणि रचनाच तो पाळते.

याच कुळातल्या दुसऱ्या एका जीवाणूत ढालीची जनुकं आहेत, तलवारीची नाहीत. शेजारी विषारी असेल तर नुसती ढालही उपयोगी, नाही का? म्हणून एक जीवाणू समजायचा तर त्याची वस्तीही समजावी लागते.

मर्सासिडिन औषध म्हणून बाजारात आलं नाही. २०२४ मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय झाला. लोकांना घरं हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण खारट मातीत कोण कोण राहतं, याची मोजदाद त्या हिशेबात नाही. जीवाणू जपून ठेवणारी राष्ट्रीय संस्था आपल्या पुण्यातच आहे. भराव पडण्याआधी मातीचे नमुने तिथे पोचवायला फार खर्च येणार नाही. एवढं तरी आपण मागायला हवं.