उंचीचा आकडा आणि त्याचा संदर्भ : जुन्नर १९६२ व चरखी दादरी १९९६

उंचीमापकात समुद्रसपाटीचा दाब लावला असता सोलापूरच्या धावपट्टीवर उभे असलेले विमानही त्या यंत्राच्या लेखी सुमारे दीड हजार फूट उंचीवर असते. देशावरच्या माणसाला हा भेद सहज उमगावा. तथापि वैमानिक व नियंत्रक यांच्या संभाषणात उच्चारलेला उंचीचा आकडा आपला संदर्भ बरोबर घेऊन येत नाही, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. उंचीविषयक गैरसमज म्हणजे ऐकण्यातील चूक, असे सामान्यतः मानले जाते. पुढील दोन प्रकरणे पाहता ही समजूत अपुरी वाटते.

१९६२ च्या जुलैतील ६ व ७ तारखांमधील मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून रोमकडे निघालेले अलिटालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईस येत असता जुन्नरनजीकच्या डोंगरावर सुमारे ३,६०० फूट उंचीवर आदळले. विमानातील ९४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मुंबईच्या नियंत्रकाशी चाललेले बोलणे अखेरपर्यंत शांत व सुरळीत होते. शेवटी विषय निघाला तो धावपट्टीच्या वाटेवरील बाह्य निदेशकावर पूर्ण वळसा घेऊन उतरण्याचा. अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. हा निदेशक धावपट्टीपासून अवघ्या काही मैलांवर असतो. विमान मात्र मुंबईपासून सुमारे ५० मैल दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर होते. कोकणपट्टीवर जी उंची निर्धोक, तीच घाटमाथ्यावर प्रत्यक्ष भूमीची उंची होती. चौकशीत दिशानिश्चितीतील चूक व त्यामुळे झालेले अकाली अवतरण हे मुख्य कारण ठरले. किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन, उपलब्ध साधनांनी स्थाननिश्चिती न करणे आणि त्या मुलुखाची अनभिज्ञता हीही कारणे नोंदली गेली. हा निर्णय आम्हांस मान्य आहे. परंतु संभाषणाची नोंद ही बखरीसारखीच जपून वाचावी लागते : बोललेले तिच्यात उतरते, बोलणाराने मनात गृहीत धरलेले उतरत नाही.

चरखी दादरीचे प्रकरण याहून बोचरे आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाकस्तानच्या इल्यूशिन-७६ विमानास १५,००० फुटांची मर्यादा दिलेली होती. दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंग-७४७ विमानास १४,००० फुटांची. कझाक विमानाने आपला आकडा बिनचूक परत सांगितला. पुढे समोरून येणाऱ्या विमानाची सूचना देताना नियंत्रकाने त्या विमानाची उंचीही सांगितली. दुसऱ्याच्या उंचीचा तो आकडा आपल्याला मिळालेली आज्ञा म्हणून घेतला गेला असावा, असा तर्क पुढे अनेकांनी केला. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीने कझाक विमान अनुज्ञेवाचून खाली आले असा निर्णय दिला आणि इंग्रजीच्या तोकड्या ज्ञानाकडेही बोट दाखविले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम रेडिओचालकाकडे, तर विमान चालविण्याचे वैमानिकांकडे होते. म्हणजे ऐकणारा एक व सुकाणू धरणारा दुसरा. मृत्यू ३४९.

त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकापुढील रडारच्या पडद्यावर विमानाचे स्थान दिसे, उंची दिसत नसे. ती वैमानिकास विचारूनच कळत असे. अपघातानंतर दिल्लीस येणाऱ्या व तेथून जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले, उंची दर्शविणारे रडार कार्यान्वित झाले आणि टक्करप्रतिबंधक यंत्रणा भारतात सक्तीची करण्यात आली.