मसल कार वळायला शिकली तेव्हा

पाँटियाक कंपनीने १९६४ साली मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली. अमेरिकन मसल कारचे युग सहसा तिथपासून मोजतात. आटोपशीर गाडी, परवडणारी किंमत आणि दांडगे इंजिन एवढेच तिचे सूत्र होते. सरळ पाव मैलात कोण पुढे जातो यावर गाडीची कीर्ती ठरे. वळणाचा विचार मागे पडला.

या गाड्यांचे सस्पेन्शन साध्या कौटुंबिक गाड्यांकडून आले होते. पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग असे; क्रायस्लरच्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असत. मागे अखंड ॲक्सल, तोही बऱ्याच गाड्यांत कमानपाट्यांवर. स्प्रिंगा मऊ असल्याने वळणावर गाडी झुके, तिच्याबरोबर बाहेरचे पुढचे चाकही कले आणि टायर कडेवर घासे. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळले जात आणि ॲक्सल उड्या मारी. १९६७ च्या शेवरले कॅमेरोला मागे एकच पाटा होता. १९६८ मध्ये ताकदवान कॅमेरोंना अनेक पाट्यांची कमान मिळाली. मागचा एक शॉक ॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे घेतला गेला.

सर्वांत बोलका दाखला फोर्ड मस्टँगचा आहे. एप्रिल १९६४ मध्ये आलेल्या या गाडीचा सांगाडा १९६० च्या साध्या फाल्कनवर बेतलेला होता. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी गणित मांडून दाखवले की, वरच्या आर्मचा आतला टेकू सुमारे एक इंच खाली घेतला, तर चाक वर उचलले जाताना त्याचा माथा आत ओढला जातो आणि वळणावर टायर रस्त्यावर नीट बसतो. त्यासाठी नवा भाग लागत नाही. प्रत्येक बाजूला दोन बोल्ट असतात. जुन्या भोकांच्या खाली दोन नवी भोके पाडून आर्म तिथे कसायचा. कॅरोल शेल्बी यांनी मस्टँगवरून घडवलेल्या १९६५ च्या जीटी-३५० मध्ये हा बदल होता. सोबत गाडीचे झुकणे रोखणारा एक इंच जाडीचा अँटी-रोल बार, कोनी कंपनीचे शॉक ॲब्सॉर्बर आणि ॲक्सलला आवरणारे दांडेही होते. १९६६ मध्ये सुरुवातीच्या गाड्यांनंतर खर्च वाचवण्यासाठी ही भोके वगळली गेली. ज्ञान कारखान्यात होते, पण साध्या ग्राहकापर्यंत ते पोहोचले नाही.

१९६६ साली सुरू झालेल्या, वळणदार ट्रॅकवरच्या ट्रान्स-ॲम शर्यतींनी वळणांना महत्त्व आणले. कॅमेरो झेड/२८ आणि मस्टँग बॉस ३०२ या गाड्या त्याच शर्यतींसाठी घडल्या. पुढे वाढते विमा हप्ते, धुराविषयीचे कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हे युग संपवले. त्याच दशकात अमेरिकेत रेडियल टायर रुळले. जुनी अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची मांडणी, तिरप्या पदरांच्या टायरांसाठी ठरवलेली होती. रेडियलची पकड पुरेपूर वापरायची तर चाकांचे कोन बदलावे लागतात.

१९८० च्या दशकात हौशी मंडळींचा ओढा मागे अतिरुंद टायर लावण्याकडे होता. नव्वदच्या दशकात मात्र प्रो-टूरिंग नावाचा प्रवाह बळावला. जनरल मोटर्सचे अभियंते मार्क स्टीलो यांनी घडवलेल्या १९६९ च्या कॅमेरोंनी दाखवले की, जुनी गाडी लांबच्या प्रवासात आणि ट्रॅकवरही नव्या गाड्यांच्या तोडीस तोड धावू शकते.

या अनुभवातून जुन्या गाडीचे सस्पेन्शन सुधारण्याच्या कामाचा क्रम पक्का झाला. आधी झिजलेले रबरी बुश आणि बॉल जॉइंट बदलायचे. ते ढिले असतील तर अलाइनमेंट टिकतच नाही. मग चांगले शॉक ॲब्सॉर्बर, जाड अँटी-रोल बार आणि बेताच्या कडक स्प्रिंगा. त्यानंतर आर्मची जागा आणि चाकांचे कोन. रस्त्यावरच्या गाडीला शर्यतीच्या स्प्रिंगा लावणे घातकच: खड्ड्यात चाक उसळले की टायर जमीन सोडतो आणि तेवढा वेळ ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंग ऐकते. म्हणून चाकाला वर-खाली व्हायला पुरेशी जागा ठेवणे आणि कडकपणा गरजेपुरताच वाढवणे, हा या कामाचा पाया ठरला.